तिसऱ्या तोंडाला जाळी

तुळजाबाईची आमटी ज्यानं खाल्ली तो बोटं चाटत उठला, आणि तिची भाकरी ज्यानं खाल्ली तो पाणी मागत उठला. तिच्या सासरच्या गावात, औशाकडच्या त्या काळ्या मातीच्या गावात, हे लहान पोरालाही ठाऊक होतं. तिनं घरी केलेल्या येसर मसाल्याचा डबा नुसता उघडला तरी शेजारची सून विचारायची, आज काय आहे म्हणून. पण भाकरी म्हटलं की तुळजाबाईचा हात मुका व्हायचा. काठ चिरायचे, मध्ये जाड राहायची, तव्यावरून उतरेपर्यंत दोन तुकडे. तिचा चुलत दीर किशनराव पंक्तीत बसला की भाकरी हातात धरून सगळ्यांना दाखवायचा. "वहिनीच्या भाकरीला नकाशा असतोय. बघा, हे उस्मानाबाद, आन् ह्यो लातूर फुटून निघाला." लातूर नवा जिल्हा झाला त्या वर्षीचा हा विनोद, आणि तो त्यानं पुढं कितीतरी वेळा केला. सगळे हसायचे. तुळजाबाईही हसायची, पण भाकरी वाढताना तिचा पदर जरा पुढं यायचा.

त्यात तिचा दोष किती म्हणायचा? लग्न होऊन आली ती भरल्या घरात. चुलीचा ताबा सासूकडं, आणि सासू मरेपर्यंत तव्यापाशी कुणाला फिरकू देईना. तुळजाबाईच्या वाट्याला गोठा, दूध, रानातल्या बायकांवर देखरेख आणि कालवण. सासू गेली तेव्हा तुळजाबाईला चाळिशी लागली होती आणि हात वळायचं वय सरून गेलं होतं.

लातूर जिल्हा झाला त्याच्या आगेमागे पावसानं पाठ फिरवली ती फिरवलीच. विहिरीत खडक दिसायला लागला. नवरा श्रीमंत बैलजोडी घेऊन गुरांच्या छावणीवर जाऊन बसला. नावाचाच श्रीमंत तो, पण बैलांवर जीव लावणारा. बैल जगले तर पुढं काही जगेल असा त्याचा हिशेब. घरात बसून तुळजाबाईला काय मिळणार होतं? गावापासून दूर एका पाझर तलावाचं रोजगार हमीचं काम निघालं होतं. दूर होतं म्हणूनच ती तिथं गेली. गावच्या शिवारातलं काम असतं तर ती उपाशी राहिली असती, पण डोक्यावर पाटी घेतली नसती. मालीपाटलाच्या, गावच्या मानाच्या घरातली सून खडी वाहते हे कुणी बघू नये एवढीच तिची इच्छा.

तिथं तिला सरजाबाई भेटली. सरजाबाई तलावाच्या खालच्या गावची, बौद्ध वस्तीतली. वयानं तुळजाबाईच्याच जोडीची, अंगानं काटक, बोलायला कमी. तिचा व्यंकटी नावाचा मुलगा शिकला होता आणि नव्या जिल्ह्याच्या कचेरीत शिपायाची नोकरी लागेल या आशेवर लातूरला चकरा मारत होता. दुपारच्या सुट्टीत बायका भाकरी बांधून आणलेली आपापली धडपी सोडायच्या. तुळजाबाई सगळ्यांपासून लांब, खडीच्या ढिगामागं जाऊन बसायची. रेशनच्या जुन्या ज्वारीचं पीठ, त्यात तिचा हात. धडप्यातून भाकरी निघायची ती भुगा होऊनच. एकदा सरजाबाई ढिगाला वळसा घालून आली आणि तिनं आपली अर्धी भाकरी तिच्या पुढं धरली.

"खावा बाई. कामून संकोच करताव? भूक काय जात बघून लागती?"

तुळजाबाईनं इकडं तिकडं बघितलं. कुणी नव्हतं. तिनं पदर तोंडापुढं ओढला आणि खाल्ली. त्याच रेशनच्या ज्वारीची भाकरी, पण पातळ, गोल, मऊ, काठाला एक चीर नाही. तिला रडू आलं. भुकेनं आलं की भाकरीनं, तिचं तिला कळलं नाही. त्यानंतर रोज सरजाबाई एक भाकरी जास्त आणायची आणि तुळजाबाई येसर घातलेलं कालवण आणायची. दोघी ढिगामागंच जेवायच्या. पुढं येऊन बसू या असं सरजाबाई कधी म्हणाली नाही आणि तुळजाबाईनं ते सुचू दिलं नाही.

व्यंकटीला नोकरी लागली तेव्हा खानावळीची कल्पना काढली ती सरजाबाईनंच. "बाई, लातुरात कचेऱ्याच कचेऱ्या निघाल्या. बाबू लोक उस्मानाबादेहून, नांदेडहून आलेत. बायका गावाकडं. जेवत असतील कुठं? आमटी तुमची, भाकरी माझी. निम्मं निम्मं करू." तुळजाबाईनं दोन रात्री विचार केला. शिजवलेलं अन्न विकायचं म्हणजे तिच्या घराण्यात मोठा कमीपणा. दारी आलेल्याला वाढावं, विकू नये, असं सासू म्हणायची. पण सासूच्या वेळी विहिरीला पाणी होतं. तिनं गावात सांगितलं की लातूरला एका नात्यातल्या बाईच्या सोबतीला जाते, आणि निघाली.

कचेरीकडं जाणाऱ्या रस्त्यावर पत्र्याचं एक दुकान मिळालं. पुढं रस्ता, मागं एक अंधारी पडवी आणि पडवीमागं टँकरचं पाणी साठवायला पिंप. भट्टी करायला मलप्पाला बोलावलं. मलप्पा निलंग्याच्या पलीकडचा, कर्नाटकाच्या हद्दीवरचा. लोखंड आणि माती दोन्हीत हात चालणारा. लातुरातल्या निम्म्या हॉटेलांच्या भट्ट्या त्यानं घातल्या होत्या. तीन तोंडांची कोळशाची भट्टी ठरली. दोन तोंडं आत, पातेल्यांसाठी. तिसरं तोंड पुढं, रस्त्याकडं.

"अक्का, ह्या तिसऱ्या तोंडाला काय बसवू?" मलप्पानं विचारलं. "बिडाचा तवा बसवतो पक्का, न्हाई तर जाळी बसवतो. एकदा बसवलं की हलत न्हाई मग. नीट विचार करून सांगा."

"तवाच की," सरजाबाई म्हणाली. "पुढं तवा असला की तव्यावरची भाकरी सरळ ताटात. गरम भाकरीला गिऱ्हाईक चार घास जास्त खातंय."

तुळजाबाईच्या डोळ्यांपुढं तो तवा आला, आणि तव्यामागं, रस्त्याकडं तोंड करून बसलेली सरजाबाई. येणारा जाणारा बघणार. औशाच्या गाड्या याच रस्त्यानं जायच्या. गावातलं कुणी बाजाराला आलं, कचेरीत आलं, तर पहिलं काय दिसणार? मालीपाटलाची सून भाकरी विकते, आणि तीही कुणाच्या हातची.

"जाळी बसव," ती म्हणाली. "वांगी भाजीन, मिरच्या, कांदे, पापड. वास रस्त्यावर गेला की गिऱ्हाईक आपसूक येतंय."

बोलणं खोटं नव्हतं. वांग्याचा वास खरंच रस्त्यावर जातो. पण खऱ्या बोलण्याखाली खोटं लपवायची सोय असते, आणि तुळजाबाईनं ती करून घेतली. मलप्पानं एकदा तिच्याकडं बघितलं, एकदा सरजाबाईच्या हातांकडं.

"जाळीला चिमटा लागतो अक्का. तव्याला हात लागतो. हात हाय की तुमच्यापाशी."

"जाळीच बसव," तुळजाबाई म्हणाली.

सरजाबाईला कळायचं ते कळलं. ती एवढंच म्हणाली, "बरं. मी मागं बसते. सुटा तवा हाय माझा." आणि तिनं पडवीत तीन दगड मांडले. तिथं धूर कोंडायचा, वारं नव्हतं, भर उन्हाळ्यात पत्रा तापला की डोकं फिरायचं. पुढं तुळजाबाई जाळीपाशी बसायची, हातात चिमटा. रस्त्यावर वांग्यांचा वास आणि पाटीवर मोठ्या अक्षरांत 'घरगुती भोजन'.

खानावळ चालली. चालली म्हणजे काय, दोन पंगती उठायला लागल्या. चंद्रप्पा नावाचा उदगीरकडचा एक कारकून पहिल्या दिवसापासूनचा. बोलका, खवय्या, जेवताना सगळ्या कचेरीच्या बातम्या सांगणारा. पहिल्याच दिवशी तो म्हणाला, "मावशी, तुमच्या हातच्या भाकरीला तोड न्हाई बघा. आमच्या आईची आठवण आली."

तुळजाबाईनं सांगायला तोंड उघडलं आणि जाळीवरच्या मिरचीचा खकाणा नाकात गेला. ठसका लागला. ठसका थांबेपर्यंत चंद्रप्पा दुसऱ्या गोष्टीवर गेला होता. आता ठसक्यानंतर पुन्हा तो विषय काढायचा कसा? उद्या सांगू असं तिनं ठरवलं. दुसऱ्या दिवशी आणखी एकानं तेच म्हटलं, आणि ती हसली. तिसऱ्या दिवशी ती म्हणाली, "गोड मानून घ्या." बस्स. खोटं बोलावंही लागलं नाही. ते गिऱ्हाइकांनीच ताटात वाढून दिलं आणि तिनं गिळलं.

दारामागं सरजाबाई हे ऐकत होती. तिला ऐकू जात होतं हे तुळजाबाईला माहीत होतं. म्हणून ती पडवीत गेली की जास्तच गोड बोलायची. सरजाबाई, दमलीस का, सरजाबाई, च्या घे. सरजाबाई चहा घ्यायची. गोड बोलण्याचं ती काही करत नसे. गिऱ्हाईक नसताना दोघी मागं बसून जेवायच्या, आमटी तुळजाबाईची, भाकरी सरजाबाईची. खडीचा ढीग गेला आणि त्या जागी पडवी आली, एवढाच काय तो फरक. तुळजाबाईला हे कधीमधी टोचायचं. पण धंदा आहे, लोकांना कळलं तर लोक येणार नाहीत, मग सरजाबाईचंच नुकसान, असं ती मनाला बजावायची. मन ऐकायचं. आपल्या सोयीचं ऐकायला मनाचे कान फार तिखट असतात.

आणि मग एके दुपारी किशनराव आला.

तूर घेऊन अडतीवर आला होता. जी काय चार पोती पिकली होती ती. कुणीतरी त्याला सांगितलं होतं की श्रीमंतची बायको लातुरात खानावळ चालवते. पांढरी टोपी, खांद्यावर उपरणं, आणि चेहऱ्यावर गावात जाऊन सांगायला काहीतरी सापडलं याचा आनंद. जाळीपाशी तुळजाबाईला बघून तो थबकला. "वहिनी! तुमी हितं?"

तुळजाबाईच्या हातातला चिमटा खाली पडला. तिनं पदर सावरला, या म्हटलं, ताट मांडलं. पंगतीत चंद्रप्पा आणि कचेरीतले सात-आठ जण बसले होते. किशनरावानं भाकरीचा तुकडा मोडला, आमटीत बुडवला, तोंडात घातला आणि चावायचा थांबला. भाकरी त्यानं उचलून उजेडात धरली. पंगतीतला जुना डाव. पण या वेळी तो हसला नाही.

"आमटी तुमची," तो म्हणाला. "पर ही भाकरी तुमच्या हाताची न्हाई. तुमच्या भाकरीला आमी चांगलं वळखतो. कुनी थापली ही?"

चंद्रप्पानं मान खाली घातली.

"मीच की," तुळजाबाई म्हणाली.

"आन् मागं कुनाचा आवाज येऊ लालाय? मगाशी बाईमाणूस दिसलं पडवीत."

एवढं सोपं होतं. सरजाबाई, एवढा एक शब्द बोलायचा होता. तिची भाकरी आहे, आम्ही दोघी मिळून चालवतो, निम्मं निम्मं. पण तुळजाबाईच्या डोक्यात गावचा पार उभा राहिला. पारावर बसलेली माणसं, आणि मधोमध किशनराव सांगतोय. आणि तिच्या तोंडातून निघालं ते हे:

"ती व्हय? ती भांडी घासायला हाय."

त्याच वेळी मागच्या दारात सरजाबाई उभी होती. हातात भाकऱ्यांची दुरडी, आणि दोन्ही हात कोपरापर्यंत पिठानं माखलेले.

सरजाबाईनं दुरडी दाराशी खाली ठेवली आणि मागं गेली. पिंपातून पाणी घेतल्याचा आवाज आला. ती हात धूत होती. पाण्याची इतकी चणचण की भांडीसुद्धा राखेनं घासून फडक्यानं पुसायची, आणि ती हात धूत होती, पीठ निघेपर्यंत, सावकाश. मग भांड्यांचा आवाज सुरू झाला.

किशनरावानं भाकरी संपवली. अर्धी आणखी मागितली. ती कुणाच्या हातची आहे हे आता त्याला पक्कं कळलं होतं, तरी खाल्ली. जाताना एवढंच म्हणाला, "बरं हाय वहिनी. येतो." जे लपवायला तुळजाबाई खोटं बोलली ते तर तो घेऊनच चालला होता. आणि जे गेलं ते दुसरंच काहीतरी होतं. तुळजाबाईला वाटलं, धरणीनं पोटात घेतलं तर बरं होईल. धरणी कोरडी ठाक होती, तिनं कुणालाच घेतलं नाही.

दुसऱ्या दिवशी सरजाबाई नेहमीच्या वेळेला आली. तुळजाबाईनं सुस्कारा सोडला. आली म्हणजे राग गेला. सरजाबाईनं लुगडं खोचलं, पडवीत गेली, राखेचं घमेलं ओढलं आणि भांड्यांपुढं बसली. चूल पेटवली नाही. पिठाला हात लावला नाही.

"सरजाबाई, पीठ मळ की. पंगत येईल आता."

"न्हाई," सरजाबाई म्हणाली. आवाज चढला नव्हता. "मी भांडी घासायला हाय न्हवं? तुमीच सांगितलाव की पावण्याला."

तुळजाबाई तिथंच उभी राहिली. माझं चुकलं, एवढे दोन शब्द घशापर्यंत आले. पण जन्मभर ज्यांच्याशी एकेरीत बोलायची सवय, त्यांच्यापुढं चुकलं म्हणायचा सराव कुठून येणार? शब्द तिथंच बसले. ती वळली, पीठ घेतलं आणि स्वतः भाकऱ्या थापायला लागली. निम्म्या तव्यापर्यंत पोचल्याच नाहीत.

त्या दुपारी पंगतीला चिरलेल्या भाकऱ्या गेल्या. तुळजाबाई कान टवकारून बसली, आता कुणी बोलेल म्हणून. कुणी बोललं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. माणसं तुकडे आमटीत कालवून खात होती आणि मुकाट्यानं उठत होती. मागं सरजाबाई ताटं घासत होती, इतकी स्वच्छ की त्यात तोंड दिसावं. तुळजाबाईला ती ताटं मांडायची लाज वाटायला लागली. ओरडली असती, भांडली असती, काम सोडून गेली असती तर तुळजाबाईला बरं वाटलं असतं. ती आपली दिलेलं काम चोख करत होती.

आठवड्यानं चंद्रप्पा सगळ्यांच्या शेवटी उठला. हात पुसत जाळीपाशी आला आणि हळूच म्हणाला, "मावशी, सरजाबाईंचं काही बिनसलंय का?"

तुळजाबाईनं चिमटा खाली ठेवला. "तुला तिचं नाव कुठून ठाऊक?"

"पाणी प्यायला मागं पिंपावर जातो की आम्ही. पहिल्या आठवड्यापासून बघतोय. मीच त्यांना इचारलं, भाकरी तुमी करता व्हय म्हणून. त्या म्हणाल्या, दोघी मिळून करतो."

"सगळ्यांना ठाऊक हाय?"

"हाव. एकानं मनात धरलं, त्यानं सोडली खानावळ तवाच. बाकीच्यांनी काय मनात धरायचं? पोटाला चांगलं लागत होतं." चंद्रप्पा घुटमळला. "तुमाला आवडत न्हाई म्हणून आम्ही काढत न्हवतो विषय. तुमचा मान राखायचा म्हणून तुमच्या हातची म्हणत होतो."

म्हणजे ज्या लोकांसाठी तिनं सरजाबाईला धुरात बसवलं त्या लोकांना काही लपलेलंच नव्हतं. आणि सरजाबाई? दोघी मिळून करतो, असं म्हणाली ती. तिनं मागच्या दारी तुळजाबाईची अब्रू राखली, आणि तुळजाबाईनं पुढच्या दारी तिची घालवली. चंद्रप्पा गेला तरी तुळजाबाई जाळीपुढं बसून होती. जाळीवरचं वांगं जळून कोळसा झालं. तिनं ते उचललं नाही.

मलप्पाला तिनं बोलावलं. त्यानं भट्टीभोवती एक फेरी मारली. "सांगितलं होतं अक्का, हलत न्हाई म्हणून. जाळी काढायची तर पुढची भिंतच फोडावी लागती."

"फोड," तुळजाबाई म्हणाली. मलप्पानं कारण विचारलं नाही. कारण त्याला पहिल्या दिवशीच दिसलं होतं. खानावळ बंद राहिली, भिंत फुटली, आणि तिसऱ्या तोंडावर बिडाचा मोठा काळा तवा पक्का बसला.

मग ती सरजाबाईच्या घरी गेली. इतके दिवस एकत्र काम केलं, पण कचेरीमागच्या ज्या वस्तीत व्यंकटीनं खोली घेतली होती तिथं तिनं पाऊल ठेवलं नव्हतं. पत्र्याची खोली, शेणानं सारवलेली. भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेब, त्यांच्याखाली एक पणती. सरजाबाईच्या सुनेनं, पंचशीलानं, पाण्याचा तांब्या पुढं केला. तुळजाबाई पाणी प्याली आणि तांब्या हातात धरूनच बसली.

"चुकलं माझं," ती म्हणाली.

सरजाबाई तांदूळ निवडत होती. "हाव. चुकलं," ती म्हणाली. जाऊ द्या म्हणाली नाही, मनावर घेऊ नका म्हणाली नाही. दुखावलेलं माणूस चटकन विसरतं हा गैरसमज दुखावणाऱ्यानंच पसरवलेला असतो.

"तवा बसवून घेतला," तुळजाबाई म्हणाली. "पुढं, रस्त्याकडं. आता तुमी तिथं बसावं."

तुमी. सरजाबाईनं मान वर केली, बघितलं, आणि पुन्हा तांदळात घातली.

"मी आता न्हाई बसत बाई. दारातच चूल मांडू लालाव आमी. पंचशीला कालवण करती, तुमच्यासारखं न्हाई जमत, पर जमल. व्यंकटी पाटी रंगवून आणणार हाय. माझ्या नावाची." सुपातला एक खडा तिनं उचलून बाजूला टाकला. "तवा बसवलाव तर रिकामा कामून ठेवता? चार दिवस येऊन दाखवते. तुमच्या हातानं करा."

"मला येत न्हाई, ठाऊक हाय तुमाला."

"येत न्हाई कारन तुमी शिकला न्हाई. हात काय कुनाचा जन्मताच वळत न्हाई."

चार दिवस सरजाबाई आली. पुढच्या तोंडाशी दोघी बसल्या, रस्त्याकडं तोंड करून. औशाच्या गाड्या जात होत्या. कचेरीतले लोक जात होते. एक गाववाला थांबून बघून गेला. मालीपाटलाची सून परातीत हात घालून बसली होती आणि सरजाबाई तिला रागवत होती.

"पाणी कढत पायजे. हे काय, कोमट घेताव? आसं न्हाई. घाला हात."

"पोळतंय."

"पोळू द्या की. तुमी पोळायला भेताव मनून भाकरी चिरती. रगडा. तळव्यानं रगडा, बोटांनी न्हाई. आता फिरवा. परात फिरवू नका, भाकरी फिरवा."

तुळजाबाईचे तळवे लाल झाले. पहिल्या दिवशी सगळ्या चिरल्या. पारावर बसलेल्यांची आठवण आली की हात अडखळायचा, आणि मग सरजाबाईचा हात तिच्या हातावर यायचा, जड आणि कोरडा, आणि भाकरी पुढं सरकायची. चौथ्या दिवशी एक निघाली. गोल, पातळ, तव्यावर फुगली. तुळजाबाईनं ती मोडली आणि अर्धी सरजाबाईपुढं धरली. दोघींनी तिथंच, रस्त्यावर, खाल्ली. तुळजाबाईनं पदर पुढं ओढला नाही. सरजाबाईनं हात झटकले, म्हणाली, "झालं तुमचं," आणि उठून गेली. पुन्हा आली नाही.

तिची खानावळ कचेरीमागं चालली. चंद्रप्पा एक दिवस इकडं जेवायचा, एक दिवस तिकडं, आणि दोन्हीकडच्या बातम्या दोन्हीकडं सांगायचा. पंचशीलाला मुलगी झाली हे तुळजाबाईला त्याच्याकडूनच कळलं. ती झबलं घेऊन गेली. सरजाबाईनं चहा दिला, बसवलं, विचारपूस केली. सगळं होतं, पण खडीच्या ढिगामागचं ते नव्हतं. ते मागायला तुळजाबाईचं तोंड होईना.

पुढच्या पावसाळ्यात बरा पाऊस झाला. श्रीमंतचे बैल जगले. तुळजाबाई मात्र लातूरलाच राहिली, हात आता वळला होता. अडतीचे दिवस आले आणि किशनराव पुन्हा खानावळीत शिरला. तुळजाबाई तव्यामागं होती, कोपरापर्यंत पीठ. तव्यावर भाकरी टम्म फुगली होती. त्यानं ताटातली भाकरी उचलून उजेडात धरली, काठ बघितले, आणि मनापासून म्हणाला, "वा वहिनी! शिकलाव म्हणायचं. आज डोळ्यांनी बघू लालोय. ही तुमच्याच हाताची, हाय का न्हाई?"

पंगत भरलेली होती. चंद्रप्पा होता.

"न्हाई भाऊजी," तुळजाबाई म्हणाली. आवाज तिला वाटला त्यापेक्षा मोठा निघाला. "ही सरजाबाईच्या हाताची हाय. मागल्या खेपेला तुमी खाल्ली तीबी तिचीच होती. मी खोटं बोलले."

किशनरावानं पडवीकडं मान वळवली. तिथं कुणी नव्हतं. तीन दगड होते, गार.

"मग ती कुठं हाय?"

तुळजाबाईनं भाकरी उलटली. वाफ हाताला लागली, तिनं हात मागं घेतला नाही.

"गेली," ती म्हणाली. "मी तिला भांडी घासायला बसवलं, मनून गेली."